विषाचा काटा कुठे असतो

खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी आणि खाली भीमेवरचे उजनी. पुण्याभोवती इतके पाणी अडवलेले आहे की गळ टाकायला फार लांब जावे लागत नाही. गेल्या काही वर्षांत रॉड आणि रीळ घेऊन सुट्टीच्या दिवशी पाण्याकाठी बसणारी तरुण मंडळी वाढली आहेत. त्यांना आमिष कोणते लावावे, दोरी किती जाडीची घ्यावी, हे पाठ असते. मासा काठावर आला की मात्र अनेकांचे ज्ञान संपते. तडफडणारा शिंगाळा घसरू नये म्हणून ते मुठीत पकडतात आणि पुढच्या क्षणी काटा तळहातात रुतलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगणाऱ्या भोई मच्छीमारांच्या हातून असे सहसा घडत नाही. माशाला हात कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे त्यांना लहानपणीच कळलेले असते.

विषारी मासा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूरच्या समुद्रातले रंगीत, काटेरी जीव येतात. पुण्यातल्या हौशी मासेमाराला मात्र विषाचा काटा बहुधा मिशाळ, बिनखवल्याच्या, रोजच्या ओळखीच्या माशाकडूनच लागतो. प्रत्येक माशाचे नाव ठाऊक नसले तरी चालते. काटा शरीरावर कुठे असतो, मासा कसा धरायचा आणि काटा लागलाच तर पहिल्या तासात काय करायचे, एवढे पक्के ठाऊक हवे. या प्रश्नाबद्दल आज जे माहीत आहे, त्याचा हा आढावा.

डंख आणि विषबाधा

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. काही माशांचे विष खाल्ल्यावर बाधते, काहींचे टोचल्यावर. मालवणपासून रत्नागिरीपर्यंतच्या मच्छीमारांची जाळी कुरतडणारा केंड हा पहिल्या प्रकारातला. त्याच्या यकृतात आणि अंड्यांत टेट्रोडोटॉक्सिन हे अतिजहाल विष असू शकते. शिजवून ते नाहीसे होत नाही, म्हणून केंड खायचा नाही. पण त्याच्याकडे डंख मारणारा काटा नसतो. सांभाळायचे ते त्याच्या मजबूत दातांना.

शिंगाळा, शिंगी, मागूर आणि समुद्रातले पाकट यांची गोष्ट उलटी आहे. हे मासे शिजवून निर्धास्त खाता येतात. विष त्यांच्या काट्यावर असते आणि ते टोचल्यावरच अंगात जाते. सापाच्या दातासारखी पोकळ नळी इथे नसते. काट्यावर त्वचेचे पातळ आवरण असते आणि त्या आवरणात विष तयार करणाऱ्या पेशी असतात. काटा मांसात घुसताना आवरण फाटते आणि पेशींतले विष जखमेत मिसळते. काट्याला करवतीसारखे दाते असतील, तर बाहेर येताना तो जखम आणखी फाडतो.

अशा माशांची संख्या थक्क करणारी आहे. 2009 साली मिशिगन विद्यापीठातील जेरेमी राइट यांनी मिशाळ माशांचा अभ्यास करून दाखवले की जगातल्या बाराशेहून अधिक, कदाचित सोळाशेहूनही अधिक मिशाळ जातींच्या काट्यांत विष असावे. 2016 च्या एका अभ्यासाने सर्व विषारी माशांचा आकडा अडीच हजारांच्या आसपास नेला आणि माशांमध्ये विष 18 वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाल्याचा निष्कर्ष काढला. सापांच्या विषाइतका या विषाचा अभ्यास झालेला नाही. भारतात मात्र या कामाची सुरुवात लवकर झाली होती. 1944 साली बी. एस. भीमाचार यांनी शिंगी आणि समुद्री प्लोटोसस या दोन माशांच्या बगलेतल्या काट्यांवरील विषग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले.

पुण्याच्या पाण्यात

दख्खनच्या नद्यांतील मिशाळ माशांची शास्त्रीय नोंद बरीच जुनी आहे. मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या कर्नल विल्यम सायक्स यांनी या भागातले मासे गोळा केले आणि 1839 साली त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. शिंगाळ्याला आज जगभर ‘स्पेराटा सीनघाला’ म्हणतात, ते त्यांच्याच वर्णनामुळे. इथल्या मच्छीमारांच्या तोंडचे नाव त्यांनी तसेच उचलले. पुढे ए. जी. एल. फ्रेझर यांनी 1942 मध्ये पुण्याच्या माशांवर लेखन केले, आणि 2003 मध्ये वाघ व डॉ. हेमंत घाटे यांनी मुळा-मुठेतील माशांची नवी यादी दिली. आपल्या नद्यांत काय होते आणि काय उरले आहे, हे कळण्यासाठी या तिन्ही नोंदी मोलाच्या आहेत.

गळाला लागणाऱ्या माशांत पहिला मान शिंगाळ्याचा. चपटे, लांबट तोंड, लांब मिशा आणि पाठीवरच्या मागच्या मांसल परावर एक ठसठशीत काळा ठिपका, ही त्याची खूण. त्याला तीन काटे असतात. एक पाठीवरच्या पराच्या सुरुवातीला आणि एकेक दोन्ही बगलांत, कल्ल्यांच्या मागे. घाबरलेला मासा हे तिन्ही काटे ताठ उभे करतो आणि दाराला कडी लावावी तसे ते मुळाशी अडकवून ठेवतो. एकदा अडकलेला काटा जोर लावून खाली दाबता येत नाही. दाबायला गेलेला हात जखमी होतो. छोटे शिंगटे आकाराने क्षुल्लक दिसतात, पण त्यांचे काटे अधिक टोकदार असतात. मुठीत पूर्ण मावत असल्यामुळे ते पकडलेही निष्काळजीपणे जातात. रिटा कुळातल्या माशांच्या मिशा आखूड असतात, पण पाठीवरचा काटा फार दणकट असतो.

या सगळ्यांत जपायचे ते शिंगीला. काळपट-तांबूस, सडपातळ, चपट्या डोक्याचा, आठ मिशांचा हा मासा हवेतूनही श्वास घेतो. त्यामुळे कमी प्राणवायूच्या चिखलट पाण्यात, डबक्यांत, पाणथळीत तो तग धरतो. त्याच्या पाठीवरचा पर छोटा असतो आणि त्यात काटा नसतो. पाठ मऊ लागते म्हणून माणूस बेसावध राहतो. काटे दोन्ही बगलांत असतात आणि त्यांचे विष आपल्या गोड्या पाण्यातल्या माशांत सर्वांत जहाल मानले जाते. डंख बसताच आग सुरू होते, कळ हातभर चढते, सूज येते. कधी मळमळ आणि तापही येतो. पुण्यातल्या बंगाली कुटुंबांत शिंगी आणि मागूर आजाऱ्याला देण्यासाठी जिवंत आणले जातात. तेव्हा ही काळजी स्वयंपाकघरातही घ्यावी लागते.

मागूरही हवेतून श्वास घेतो. त्याच्या पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत लांबच लांब पर असतो, काटे फक्त बगलेत असतात. आफ्रिकन मागूर पाळण्यावर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिच्या अंमलबजावणीचा आदेश दिला. उजनीच्या काठच्या तळ्यांवर त्यानंतर कारवाई झाली. असा मासा गळाला लागला तर तो पुन्हा पाण्यात सोडू नये. इतर माशांचा तो फडशा पाडतो. उजनीत आता दक्षिण अमेरिकेतून मत्स्यालयांमार्फत आलेला सकर मासाही सापडतो. त्याच्या अंगावरची हाडांची ढाल आणि खरखरीत काटे हात सोलतात.

काही मासे निव्वळ टोचतात, त्यांच्यात विष नसते. वांबीच्या पाठीवर लहान काट्यांची रांग असते. ती हातातून सापासारखी निसटते आणि निसटताना ओरखडे काढते. चिलापीच्या पाठीवरचे काटेही बोटाला लागतात. पण विष नाही म्हणून त्या जखमा किरकोळ समजू नयेत. 1996-97 मध्ये इस्रायलमध्ये तळ्यातली चिलापी हाताळताना झालेल्या जखमांमधून व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जिवाणूची मोठी साथ आली होती. विष नसलेल्या काट्यावाटेही जिवावरचा संसर्ग शरीरात शिरू शकतो. मुळा-मुठेत शहराचे सांडपाणी मिसळते, हे लक्षात घेतले तर नदीकाठच्या प्रत्येक टोचणीकडे गांभीर्यानेच पाहिले पाहिजे. मरळ, कटला, रोहू, महाशीर यांच्याकडे विषाचा काटा नाही.

घाट उतरल्यावर

पुण्याचा मासेमार सुट्टीला दिवेआगर, हर्णै, गुहागर किंवा मालवण गाठतो. तिथे गोड्या पाण्याची सवय त्याला फसवते. समुद्री शिंगाळ्याचे तीन काटे नदीतल्या शिंगाळ्यासारखेच असतात, पण त्यांचे दाते मोठे आणि जखम अधिक खोल. खाड्यांमध्ये वामेसारखी निमुळती शेपूट असलेला मिशाळ मासा आढळतो. तो प्लोटोसस. त्याचा डंख फार वेदनादायी असतो. खडकांच्या कपारीत रंग बदलून दगडासारखे पडून राहणारे, डोक्यावर काटेरी झालरी असलेले स्कॉर्पिअन फिश कुळातले मासे दिसले, तर त्यांना हात लावूच नये. जिताडा विषारी नाही, पण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी कापते.

किनाऱ्यावरचा खरा धोका म्हणजे पाकट. ताटासारखे चपटे अंग, वर डोळे, खाली तोंड आणि चाबकासारखी शेपटी. शेपटीवर एक किंवा अधिक दातेरी काटे असतात. काट्याच्या खालच्या खोबणीत विषाची ऊती असते. पाकट वाळूत अंग पुरून पडलेले असते आणि पाय पडला की शेपटी वर फटकारते. 2013 च्या गणेशोत्सवात दीड दिवसाच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना पाकटांचे डंख झाले. तेव्हापासून मत्स्यव्यवसाय विभाग आणि मुंबई महापालिका विसर्जनाआधी पाकट आणि जेलीफिशबद्दल सूचना देतात. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नयेत, वाळूतून घासत सरकवावेत. चाहूल लागली की पाकट आपणहून दूर जाते.

पाकटाच्या काट्याने मृत्यू क्वचित होतो, पण होतो. ऑस्ट्रेलियाचे प्राणिप्रेमी स्टीव्ह अर्विन 4 सप्टेंबर 2006 रोजी गेले ते छातीत काटा घुसल्यामुळे. छाती, पोट किंवा मान यांना झालेली जखम ही थेट रुग्णालयात नेण्याची वेळ असते, मग ती बाहेरून कितीही लहान दिसो.

हातात घेण्याआधी

ओळखीची रीत सोपी ठेवावी. माशाला मिशा आहेत आणि खवले नाहीत, तर काटे आहेत असे धरूनच चालावे. मग पाठीचा पर पाहावा आणि दोन्ही बगला पाहाव्यात. चपटा मासा असेल तर शेपटी पाहावी. ही तीन ठिकाणे पाहिल्याशिवाय हात पुढे करू नये. नाव नंतर विचारता येते.

मोठा शिंगाळा धरायचा असेल तर खालच्या जबड्याला ग्रिपर लावावा आणि लांब नाकाच्या पक्कडीने गळ काढावा. हातानेच धरण्याची वेळ आली, तर तळहात पोटाखाली घेऊन बगलेतल्या काट्यांच्या मागे अंगठा आणि बोट टेकवावे, म्हणजे काटे हाताच्या पुढे राहतात. हे कौशल्य जाणत्याकडून शिकल्याशिवाय करू नये. छोट्या शिंगट्याला आणि शिंगीला हाताने धरूच नये. टॉवेल किंवा साधा हातमोजा पुरेसा वाटतो, पण तीक्ष्ण काटा दोन्ही भेदून जातो. गळ खोल गिळला असेल तर दोरी तोंडाजवळ कापणे माणसाच्या आणि माशाच्याही हिताचे. पाकट लागले तर ते काठावर ओढूच नये, दोरी शक्य तितकी जवळून कापून सोडून द्यावे.

काठावर तडफडणाऱ्या माशाला पायाने थोपवण्याची सवय घातक आहे. चपलेच्या कडेतून काटा सहज आत जातो. चिखलात अनवाणी उतरू नये. बारीक जाळीच्या डिपनेटमध्ये मिशाळ मासा घेतला की काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना बोटे सापडतात. रबरी जाळी बरी. मेलेल्या माशाचा काटाही डंख देतो. बर्फात ठेवलेल्या माशाचाही देतो. दुचाकीच्या हँडलला लटकवलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून काटा मांडीत घुसण्याचा धोका असतो, म्हणून मासे झाकणाच्या कडक डब्यातच न्यावेत. गणेश पेठेच्या बाजारात मासळी घेताना आधी काटे छाटून मागावेत. लहान मुलांना ‘मासा धर’ म्हणून फोटोला उभे करण्याआधी काटे कुठे आहेत, ते मोठ्यांनी पाहिले पाहिजे.

जपून हाताळण्याचा दुसरा लाभ माशांना आहे. सायक्स यांनी नोंदवलेल्या मिशाळ माशांपैकी शिलन आज जागतिक लाल यादीत धोक्यातला मानला जातो. काट्याच्या भीतीने मासा दगडावर आपटून मारणे किंवा काठावर फेकून देणे, हे दोन्ही टाळले पाहिजे. जो खायचा नाही तो देशी मासा पक्कडीने सोडवून पाण्यात जाऊ द्यावा.

काटा लागल्यावरचा पहिला तास

गोड्या पाण्यातल्या शिंगीपासून समुद्रातल्या पाकटापर्यंत पहिला उपाय एकच आहे: सोसेल इतके गरम पाणी. जखम झालेला हात किंवा पाय 40 ते 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 30 ते 90 मिनिटे बुडवून ठेवावा आणि पाणी कोमट झाले की बदलावे. या विषातले प्रथिनांचे घटक उष्णतेने निकामी होतात, हे एक कारण सांगितले जाते. उष्णता वेदनेचे संदेशही दाबते, हे दुसरे. अमेरिकेत पाकटाच्या 119 रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा आधी फक्त गरम पाण्याचा उपाय केलेल्या बहुतांश रुग्णांची वेदना शमल्याचे दिसले.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. एक भाग उकळते पाणी आणि तीन भाग साधे, साधारण 25 अंशांचे पाणी मिसळले की सुमारे 44 अंश होतात. धरणाकाठच्या चहाच्या टपरीवर उकळते पाणी मिळते. नाहीतर थर्मास बरोबर असावा. पाण्याचा कढतपणा आधी धडधाकट हाताने तपासावा, कारण डंख झालेला अवयव बधिर असू शकतो आणि भाजल्याचे कळत नाही. बर्फ लावू नये.

त्याआधी जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी. हाता-पायात वरवर अडकलेला तुकडा चिमट्याने काढावा. खोल रुतलेला काटा, किंवा छाती, पोट, मान, डोळा यांतला काटा अजिबात उपसू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. ब्लेडने चीर देणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने आवळणे, चुना, तंबाखू किंवा रॉकेल लावणे, या सगळ्यांनी अपायच होतो. शेक देण्याच्या जुन्या पद्धतीत तथ्य आहे. पण निखाऱ्यावर किंवा तव्यावर हात धरून भाजून घेण्यापेक्षा गरम पाणी सुरक्षित.

वेदना थांबली म्हणजे काम संपले असे नाही. डॉक्टरकडे जायचे ते तीन कारणांसाठी. काट्याचा तुकडा आत राहिला का, हे एक्स-रेने पाहावे लागते. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का, ते पाहावे लागते. आणि संसर्गाची शक्यता तपासावी लागते. मासा गोड्या पाण्यातला होता की समुद्रातला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण गोड्या पाण्यात एरोमोनास तर खाऱ्यात व्हिब्रिओ अशा वेगवेगळ्या जिवाणूंची शंका घ्यावी लागते आणि औषध त्यावर ठरते. खोल जखम टाके घालून लगेच घट्ट बंद करणे सहसा टाळतात. मधुमेह, यकृताचा आजार किंवा कमकुवत प्रतिकारशक्ती असेल तर वेदना थांबली तरी त्याच दिवशी दाखवावे. लाली पसरणे, पाणी भरलेले फोड, ताप, वाढती सूज ही धोक्याची चिन्हे आहेत. श्वास लागणे, चक्कर, अंगावर गांधी किंवा बेशुद्धी आली तर 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी. आपल्याकडे सापाच्या विषावर मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी बनवलेली असते. माशाच्या डंखावर ती निरुपयोगी आहे आणि तिची ॲलर्जी मात्र होऊ शकते. ऑस्ट्रेलियात स्टोनफिशच्या विषावर प्रतिविष आहे, पण आपल्याला भेटणाऱ्या मिशाळ माशांसाठी तसे औषध नाही. म्हणूनच गरम पाणी, स्वच्छता आणि वेळेवर तपासणी या साध्या गोष्टींवरच सगळी मदार आहे.

हे ज्ञान लोकांपर्यंत

या आढाव्यात दिसते ते असे की लागणारे ज्ञान आपल्याकडे आहे, पण ते विखुरलेले आहे. काटा कुठे असतो, हे भोई आणि कोळी मच्छीमारांना ठाऊक आहे. गरम पाण्याने का बरे वाटते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. नदीत कोणता मासा उरला, हे पुण्यातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. नवख्याच्या हाती मात्र यातले काहीच पोचत नाही.

हे बदलणे अवघड नाही. परवानगी घेऊन मासेमारी करता येते तिथे जलसंपदा आणि मत्स्यव्यवसाय विभागाने शिंगाळा, शिंगी, मागूर यांची चित्रे, काट्यांच्या जागा आणि गरम पाण्याचा उपाय सांगणारा मराठी फलक लावावा. धरणांजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत माशाच्या डंखाचा उपचार एका पानावर भिंतीवर असावा. रॉड विकणाऱ्या दुकानदाराने रीळ आणि गळाबरोबर पक्कड आणि ग्रिपर घ्यायला सांगावे. हौशी मंडळांनी एखाद्या सकाळी जाणत्या भोई मच्छीमाराला शिकवायला बोलवावे आणि त्याच्या ज्ञानाचा योग्य मोबदला द्यावा. तोवर प्रत्येक मासेमाराने स्वतःपुरते एवढे करावे: आमिषाच्या डब्याबरोबर लांब पक्कड आणि गरम पाण्याचा थर्मास न्यावा, आणि मिशा दिसल्या की हात आखडता घ्यावा.